धावणाऱ्याचा भाव

१९९५ सालच्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल संघांनी नेहमीप्रमाणे कॉलेजातली मुलं निवडली. पहिलं नाव पुकारलं गेलं ते कि-जाना कार्टर याचं. पेन स्टेट विद्यापीठाचा हा मुलगा चेंडू घेऊन धावण्यात त्या साली अव्वल मानला जात होता. सिनसिनाटीच्या संघानं त्याला उचललं. मग एकशे पंचाण्णव नावं झाली, पाच फेऱ्या संपून सहावी सुरू होती, आणि डेन्व्हरच्या संघानं टेरेल डेव्हिस नावाचा जॉर्जिया विद्यापीठाचा मुलगा घेतला. कामही तेच, चेंडू घेऊन धावण्याचं.

पुढं काय झालं ऐका. मोसम सुरू होण्यापूर्वीच्या पहिल्याच सराव सामन्यात, तिसऱ्याच धावेला, कार्टरच्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. तो नंतर खेळला, पण ज्या मुलाला सगळ्यांच्या आधी निवडलं होतं तो मुलगा पुन्हा कोणाला दिसला नाही. डेव्हिसनं १९९८ च्या एका मोसमात २,००८ यार्डांची मजल मारली आणि संघाला लागोपाठ दोन अजिंक्यपदं मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला. २०१७ साली त्याचं नाव त्या खेळातल्या थोरांच्या दालनात कोरलं गेलं.

आता यात चूक कोणाची? सिनसिनाटीच्या जाणकारांना मुलगा ओळखता आला नाही असं म्हणता येत नाही. आणि डेव्हिसला सगळ्यांनी, खुद्द डेन्व्हरनंसुद्धा, पाच पाच फेऱ्या सोडून दिलं होतं. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाचा भाव ठरवायचा तो नेमका कशावरून, हा प्रश्न मला खेळाइतकाच रंजक वाटतो.

आधी खेळ थोडक्यात सांगतो. अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. त्याला ते सॉकर म्हणतात. यांचा चेंडू दोन्ही टोकांना निमुळता, आणि तो बहुतेक वेळ हातातच असतो. अकरा गडी या बाजूला, अकरा त्या बाजूला. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न. चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. तो एक तर लांब फेकतो, नाही तर मागं उभ्या असलेल्या रनिंग बॅकच्या पोटाशी देतो. मग या गड्यानं समोरच्या गर्दीत घुसायचं. आपल्या कबड्डीत चढाईला गेलेला गडी एकटा असतो. इथं वाट करून द्यायला पुढं पाच धिप्पाड माणसं असतात, आणि अडवायला समोर तशीच.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याच्याकडं पहिल्यांदा हा खेळ टीव्हीवर बघायला बसलो तेव्हा मला नुसती ढकलाढकली दिसत होती. तो म्हणाला, "मामू, तुम्ही चेंडूच्या मागं डोळे पळवू नका. त्या पाच जाड्या माणसांकडं बघा. त्यांच्यात फट कुठं पडते ते बघा. धावणारा तिथंच जाणार." तसं बघितलं आणि खेळ उलगडत गेला. फट पडते ती अर्धा-पाऊण सेकंद. तेवढ्यात ती दिसली पाहिजे, किंवा दिसायच्या आधी कळली पाहिजे.

कॉलेजात चांगला खेळलेला मुलगा व्यावसायिक संघात कसा जातो? त्याच्या मनाला येईल तिथं त्याला जाता येत नाही. संघ बत्तीस. दर एप्रिलमध्ये सात फेऱ्यांत ते पाळीपाळीनं नावं पुकारतात, आणि आदल्या मोसमात जो सर्वांत मार खाल्लेला त्याची पाळी पहिली. याला ड्राफ्ट म्हणतात. ही पद्धत १९३६ साली सुरू झाली आणि अगदी पहिलं नाव पुकारलं गेलं तेही धावणाऱ्याचंच, शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वॅंगरचं. गंमत अशी, की हा गृहस्थ व्यावसायिक फुटबॉल एक दिवसही खेळला नाही. पैशाचं जमलं नाही, तेव्हा तो रबराच्या धंद्यात शिरला. आदल्या वर्षी सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याला मिळालेला चषक, जो आज हाइझमन ट्रॉफी म्हणून ओळखला जातो, त्याच्या आत्याच्या घरी दाराला टेकण म्हणून लावलेला असे, असं सांगतात.

आज कोणी असा सहज निघून जात नाही, कारण आज पैसा मोठा आहे. आणि पैसा मोठा म्हणून मोजमापही मोठं. फेब्रुवारीच्या अखेरीस इंडियानापोलिस शहरात तीनशेच्या वर मुलांना बोलावतात. या मेळाव्याला कम्बाइन म्हणतात. उंची, वजन, हाताची लांबी, पंजाची रुंदी. मग चाळीस यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, पळायचं. जागच्या जागी उंच उडी, जागच्या जागी लांब उडी. पाठीवर पडून एकशे दोन किलोचं वजन किती वेळा उचलता ते मोजायचं. आणि प्रत्येक संघाचे डॉक्टर येऊन गुडघा, घोटा, खांदा ओढून, वाकवून, दाबून बघणार.

आपल्याकडं बैलबाजारात दात बघतात, शिंगं बघतात, चालवून बघतात. ही आठवण मला एकट्यालाच होते असं नाही. चेंडू घेऊन धावणारी बहुतेक मुलं कृष्णवर्णीय, संघांचे मालक बहुतेक गोरे, तेव्हा या तपासणीला गुलामांच्या बाजाराची उपमा देणारे लोक अमेरिकेतच आहेत. मी त्यात माझी भर घालत नाही. पण तपासणी कशाची चालते आणि कशाची राहून जाते, हे बघण्यासारखं आहे.

चाळीस यार्डांचंच घ्या. २००८ साली क्रिस जॉन्सन नावाचा मुलगा ते अंतर ४.२४ सेकंदांत पळाला. त्याला पहिल्या फेरीत घेतलं आणि पुढच्याच वर्षी त्यानं एका मोसमात दोन हजार यार्डांचा टप्पा ओलांडला. म्हणजे घड्याळ खोटं बोलत नाही. पण १९९० साली एमिट स्मिथ नावाचा मुलगा होता, त्याची उंची बेताची आणि वेगही बेताचा. घड्याळवाल्यांनी नाकं मुरडली. सोळा नावं होऊन गेल्यावर डॅलसनं त्याला घेतलं. त्याच्या आधी, दुसऱ्या क्रमांकावर, न्यूयॉर्क जेट्सनं ब्लेअर थॉमस नावाचा धावणारा घेतला होता. थॉमसला एकाही मोसमात हजार यार्ड जमले नाहीत. स्मिथनं पंधरा मोसमांत १८,३५५ यार्ड केले आणि तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही.

कारण उघड आहे. त्या चाचणीत मुलगा तोकड्या चड्डीत, सरळ रेषेत, कोणी अंगावर येत नसताना पळतो. सामन्यात सलग चाळीस यार्ड मोकळे मिळण्याची वेळ क्वचित येते. म्हणून जाणकार पहिल्या दहा यार्डांचा वेळ वेगळा काढतात आणि वेग वजनाशी ताडून बघतात. पंच्याऐंशी किलोचा मुलगा साडेचार सेकंदांत पळाला याला फारशी किंमत नाही. एकशे आठ किलोचा तेवढ्यात पळाला तर सगळे खुर्चीत पुढं सरकून बसतात. पण हेसुद्धा शरीराचंच माप झालं. मी कवितेच्या धंद्यातला माणूस. मात्रा बिनचूक मोजता आल्या म्हणजे ओळ जमली असं नसतं, हे आम्हाला लवकर कळतं.

मग खरी परीक्षा होते ती फितींवर. सामन्यांची चित्रफीत पुढं-मागं करत बसणारी माणसं प्रत्येक संघानं नेमलेली असतात, त्यांना स्काउट म्हणतात. धावणाऱ्याच्या बाबतीत ते आधी नजर बघतात. पिट्सबर्गच्या ल'व्हिऑन बेलची धाव बघितली तर तो जवळजवळ थांबल्यासारखा दिसतो. चेंडू पोटाशी धरून पुढच्या माणसाच्या पाठीमागं उभा, आणि फट दिसली की एकदम आत. असं थांबणं सोपं नाही, कारण समोरून धिप्पाड माणसं अंगावर येत असतात. घाबरलेला मुलगा आधीच पळतो आणि आपल्याच माणसाच्या पाठीवर आदळतो. २०१३ मध्ये हा बेल दुसऱ्या फेरीत मिळाला होता.

मग तोल. पहिला धक्का बसल्यावर मुलगा पडतो की पुढं जातो? धक्क्यापर्यंतचे यार्ड बऱ्याच अंशी पुढच्या पाच जणांचे असतात, धक्क्यानंतरचे त्याचे स्वतःचे. हा हिशेब वेगळा मांडला नाही तर फसगत होते. चांगल्या कॉलेजची पुढची फळी इतकी भक्कम असते, की धावणाऱ्याला पाच यार्ड कोणी हातच लावत नाही. २०१२ साली ट्रेंट रिचर्डसन याला क्लीव्हलँडनं तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. तो अलाबामा विद्यापीठाचा, आणि त्यांची फळी देशात नावाजलेली. व्यावसायिक सामन्यांत त्याची सरासरी धावेमागं ३.३ यार्ड पडली, दुसऱ्याच मोसमात त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं, आणि २०१४ च्या मोसमानंतर तो त्या लीगच्या सामन्यात दिसला नाही. त्याच ड्राफ्टमध्ये सहाव्या फेरीत वॉशिंग्टननं एका लहानशा फुटबॉल परंपरेच्या विद्यापीठातला आल्फ्रेड मॉरिस घेतला होता. पहिल्याच वर्षी त्याचे १,६१३ यार्ड झाले, रिचर्डसनचे ९५०.

इथं थोडं थांबायला हवं, कारण यात एक गोम आहे. डेन्व्हरचा टेरेल डेव्हिस आणि वॉशिंग्टनचा मॉरिस, दोघांचा प्रशिक्षक एकच, माईक शॅनहन. त्याच्या पद्धतीत पुढची पाची माणसं एकदम एका बाजूला सरकत जातात, दोर ओढावा तशी. धावणाऱ्यानं त्यांच्याबरोबर आडवं धावायचं, फट दिसली की एक पाय रोवायचा आणि वर घुसायचं. एकदाच वळायचं, नाचायचं नाही. ज्याला हे जमतं त्याला विजेचा वेग नसला तरी चालतं. डेव्हिसचा गुडघा गेल्यावर डेन्व्हरनं १९९९ मध्ये चौथ्या फेरीतला ओलँडिस गॅरी पुढं केला, त्यानं हजार यार्ड ओलांडले. २००० मध्ये सहाव्या फेरीतला माईक अँडरसन, नौसैनिक दलातून आलेला, त्यानं जवळजवळ पंधराशे केले. म्हणजे मुलगा किती चांगला हे विचारायच्या आधी कोणत्या फळीमागं, हे विचारावं लागतं. सहाव्या फेरीतलं सोनं आधीपासून सोनं होतं की त्या भट्टीत झालं, हे ठामपणे सांगणारा माणूस मला तरी भेटलेला नाही.

फितीत न दिसणाऱ्या, किंवा दिसून दुर्लक्षिल्या जाणाऱ्या, गोष्टीही आहेत. क्वार्टरबॅक चेंडू फेकायला मागं सरकतो तेव्हा त्याच्यावर धावून येणाऱ्याला छातीवर घेणं हे रनिंग बॅकचं काम. त्यात टाळ्या नाहीत. कॉलेजात नामांकित धावणाऱ्याला हे काम फारसं सांगितलं जात नाही, आणि व्यावसायिक संघात नवी मुलं बाकावर बसतात ती बरेचदा याच्यामुळं. डेव्हिस संघात टिकला तोही धावण्यामुळं नव्हे. १९९५ च्या ऑगस्टमध्ये डेन्व्हरचा एक सराव सामना टोकियोला झाला. हा शेवटच्या फळीतला पोरगा, घरी परत जायच्या विचारात. त्याला चेंडू मारल्यानंतर प्रतिस्पर्ध्याला पाडायच्या कामावर पाठवलं, तर त्यानं समोरच्याला असा काही आडवा केला, की प्रशिक्षक बघत राहिले. तिथून त्याचा दिवस फिरला. आणि १९९९ मध्ये त्याचा गुडघा गेला तोसुद्धा असाच, प्रतिस्पर्ध्यानं मध्येच झेललेला चेंडू पाहून त्याला पाडायला धावताना. त्यानंतर तो फार थोडे सामने खेळला.

म्हणजे शेवटी गुडघाच. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघात २०१३ साली दोन धावणारे एकाच वेळी होते. फ्रँक गोर आणि मार्कस लॅटिमोर. गोरचे दोन्ही गुडघे कॉलेजात असतानाच फाटले होते, म्हणून २००५ मध्ये तो तिसऱ्या फेरीपर्यंत मागं राहिला. लॅटिमोरचेही दोन्ही गुडघे कॉलेजात गेले, २०११ मध्ये एक आणि २०१२ मध्ये दुसरा. दुसरी दुखापत ज्यांनी बघितली त्यांनी मान फिरवली, इतकी ती भयंकर. दोन्ही संघांतले खेळाडू मैदानात येऊन त्याच्याभोवती उभे राहिले. तरी चौथ्या फेरीत याच संघानं त्याला घेतलं. गोर उभा राहू शकला तर हाही राहील, असा विचार कोणाच्या मनात आला असेल तर नवल नाही. गोर सोळा मोसम खेळला आणि त्याचे यार्ड झाले बरोबर सोळा हजार. लॅटिमोर दीड वर्ष व्यायाम करत राहिला आणि २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये, एकही सामना न खेळता, निवृत्त झाला. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. डॉक्टरांच्या कागदावर या दोघांत फरक लिहायला जागा किती असेल?

या दोघांच्या मधला म्हणजे टॉड गर्ली. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांतच, २०१५ मध्ये, त्याला दहाव्या क्रमांकावर घेतलं, आणि तो निर्णय बरोबर ठरला. २०१७ चा तो सर्वोत्तम आक्रमक खेळाडू. २०१८ मध्ये त्याला घसघशीत करार मिळाला, २०२० च्या मार्चमध्ये त्याच संघानं त्याला सोडलं. आणखी एक मोसम दुसरीकडं, आणि सव्वीसाव्या वर्षी खेळ संपला.

म्हणून संघ आता मुलानं किती यार्ड केले याच्याबरोबरच चेंडू घेऊन किती वेळा मार खाल्ला हेही मोजतात. ज्या धावांमुळं मुलाचं नाव झालं त्याच धावा त्याच्या खात्यात उणे म्हणून लिहिल्या जातात. हा हिशेब नेहमी बरोबर येतो असंही नाही. अलाबामाच्या डेरिक हेन्रीनं २०१५ च्या एका मोसमात ३९५ वेळा चेंडू नेला. हा पोरगा आधीच झिजला असेल, अशी शंका काढली गेली, आणि हाइझमन ट्रॉफी हातात असूनही तो दुसऱ्या फेरीत गेला. त्यानं २०२० मध्ये २,०२७ यार्ड केले आणि २०२४ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, १,९२१.

पण हेन्री अपवाद, आणि बाजार अपवादावर चालत नाही. धावणारा लवकर झिजतो, आणि चांगली फळी असली तर सहाव्या फेरीतलाही चालतो, या दोन समजुती एकत्र आल्या आणि भाव कोसळला. २०१३ आणि २०१४ या दोन्ही वर्षी पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक घेतला गेला नाही. नंतर तो पुन्हा सावरला. सेकॉन बार्क्ली याला न्यूयॉर्क जायंट्सनं २०१८ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतलं, सहा वर्षांनी पैशाच्या वादानंतर जाऊ दिलं, आणि फिलाडेल्फियाला जाऊन त्यानं २०२४ मध्ये २,००५ यार्ड केले. त्या मोसमाचं अजिंक्यपदही फिलाडेल्फियाचंच. तिथली फळी उत्तम होती हे खरं. पण त्याच फळीमागं आदल्या वर्षी कोणाला दोन हजार जमले नव्हते, हेही खरं.

हे सगळं मुलाच्या बाजूनं बघितलं तर चित्र वेगळं दिसतं. शाळा सोडल्यावर तीन वर्षं झाल्याशिवाय ड्राफ्टमध्ये नाव देता येत नाही, असा नियम आहे. मॉरिस क्लॅरेट नावाच्या मुलानं त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली, २००४ मध्ये तो हरला. म्हणजे शरीर सर्वांत ताजं असतानाची तीन वर्षं कॉलेजला द्यायची. तिथं २०२१ च्या जुलैपर्यंत शिष्यवृत्तीपलीकडं स्वतःच्या नावावरसुद्धा पैसा घ्यायला बंदी होती. ती उठली, आणि २०२५ पासून विद्यापीठांना मुलांना थेट पैसे देता येतात. लॅटिमोरच्या वेळी यातलं काही नव्हतं.

२०२५ च्या ड्राफ्टमधलं सगळ्यात मोठं नाव होतं ॲश्टन जेंटी. बॉयसी स्टेट विद्यापीठाचा. आतापर्यंत सांगितलेली सगळी कोडी या एका मुलात होती. आदल्या मोसमात त्यानं २,६०१ यार्ड केले होते. बॅरी सँडर्सच्या १९८८ च्या विक्रमाला फक्त सत्तावीस कमी. पण प्रतिस्पर्धी बरेचसे दुय्यम दर्जाचे. उंची पावणेसहा फुटांच्या आत, वजन मात्र शहाण्णव किलोच्या आसपास, म्हणजे ठेंगणा पण ठोस. इंडियानापोलिसला तो चाळीस यार्ड पळालाच नाही. फितीत बघा म्हणाला असता तरी चाललं असतं, कारण फितीत तो धक्क्यामागून धक्के खाऊन उभा राहिलेला दिसत होता, एकदा, दोनदा, तीनदा. आणि तेच त्याच्या विरुद्धही जात होतं. एका मोसमात ३७४ वेळा चेंडू नेलेला मुलगा.

लास व्हेगसच्या संघानं त्याला सहाव्या क्रमांकावर घेतलं. करार चार वर्षांचा, पाचव्या वर्षी ठेवायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क संघाचा. चार वर्षं संपतील तेव्हा जेंटी पंचवीस वर्षांचा असेल.